कळ आणि कातडी
बागेंतला कांटा पोटरीला लागल्याचें निमित्त झालें. लाली रुपयाएवढी, पण कळ अशी कीं, वर्गांत धीरोदात्त नायकांचीं लक्षणें सांगणारे आम्ही लहान मुलासारखे ओरडलों. तरुण सर्जनबाईंनीं लालीहून कळेलाच अधिक मानिलें. कातडी शाबूत ठेवून आंतलें स्नायूंवरचें आवरण कुजवावयाचें, हा या रोगाचा कावा. १९२४ सालीं पेकिंगमध्यें मेलेनी या शस्त्रवैद्यानें त्याचें वर्णन केलें. मेलेल्या भागांत रक्तच पोहोंचत नाहीं, तेथें नुसतीं प्रतिजैविकें काय करणार? तो कापूनच काढावा लागतो.

"सकाळीं ठरवूं," आम्ही (अर्थात् भीतीनें) सुचविलें.

"सर, तोंवर तें मांडीपर्यंत चढेल."

रात्रींच कापलें, दुसऱ्या दिवशीं उघडून पाहिलें, आणखी कापलें. पोटरींतली खळगी पाहून नात अजून विचारते, "आजोबा, इथलें कुठें गेलें?"