धम्मकलाडू आणि चापटपोळी

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी नऊचा सुमार असेल. मी माझ्या खोलीत टेबलाशी बसून मोठमोठ्याने म्हणत होतो, "कानशिलात... छे! मुस्काटात. नाही, नाही, थोबाडीतच बरी! की सरळ पाठीत दोन रट्टे द्यावेत?"

बाहेर भांडी घासण्याचा आवाज एकदम थांबला. थोड्या वेळाने सौ. दारात येऊन उभी राहिली. मुद्रा गंभीर.

"कुणाशी भांडताय?" तिने विचारले.

"कुणाशी नाही. भाषांतर करतोय."

"मग ते मनातल्या मनात करा. बाई घाबरल्यात. विचारत होत्या, साहेबांना निवृत्त झाल्यापासून हे असं होतंय का म्हणून!"

बाईंचे काही चुकले नव्हते. निवृत्त झालेला माणूस बागकाम करतो, ज्ञानेश्वरी काढून बसतो, नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी वैर धरतो. मी स्पॅनिश शिकायला लागलो. दोन वर्षे नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून क्रियापदे घोकली, आणि जरा धीर येताच एक पुस्तक मराठीत आणण्याचा घाट घातला.

पुस्तक जुने, १५५४ साली छापलेले. नाव 'लाझारीयो दे तोर्मेस'. लेखकाने आपले नाव त्यावर घातले नाही, आणि ते शहाणपणाचेच केले. कारण पाचच वर्षांनी, १५५९ साली, स्पेनच्या धर्मन्यायसभेने ते बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकले. सालामांका भागातला लाझारो नावाचा गरीब पोरगा एका आंधळ्या भिकाऱ्याची काठी होऊन घराबाहेर पडतो आणि पुढे एकामागून एक धन्यांची चाकरी करतो, अशी ती कथा. पोटाला भूक आणि पाठीला मार. आता मारासाठी मराठीत शब्दांची का वाण आहे? काम सोपे, असे मला वाटले.

पण पहिल्याच काही पानांत मी अडलो. सालामांकाच्या पुलापाशी दगडाचा एक बैल आहे, आजही आहे. त्याला कान लाव, आत मोठा आवाज ऐकू येतो, असे आंधळा त्या पोराला सांगतो. पोर भाबडेपणाने कान लावते, आणि आंधळा त्याचे डोके त्या दगडावर आपटतो. या आपटण्याला मुळात शब्द आहे 'कालाबासादा'. 'कालाबासा' म्हणजे भोपळा! डोक्याचा भोपळा करून टाकणारा हा दणका मराठीत कसा द्यायचा?

आधार म्हणून मी इंग्रजीकडे वळलो. इंग्रजीची श्रीमंती मोठी. व्हॅक, स्मॅक, थंप, क्लाउट, वॉलप! उच्चारून पाहा, मार बसल्याचा आवाजच कानी येतो. इंग्रज मारतो तेव्हा आधी आवाज ऐकवतो.

स्पॅनिश माणूस हिशेबी. तो काय हातात घेतले होते ते सांगतो. शब्दाला शेवटी 'आसो' जोडला की झाले. (माद्रिदकडे त्याचा उच्चार 'आथो' असा करतात.) 'कोदो' म्हणजे कोपर, 'कोदासो' म्हणजे कोपराचा ढोसा. 'एस्कोबा' म्हणजे केरसुणी, 'एस्कोबासो' म्हणजे तिचा तडाखा. बुटाचा 'सापातासो', चपलेचा 'चांक्लेतासो'. घरातल्या कुठल्याही वस्तूला हा प्रत्यय लावा, ती शस्त्र होते!

आणि आपण? आपण सांगतो, कुठे बसली. कानशिलात, मुस्काटात, थोबाडीत, पेकाटात. फारच आदर दाखवायचा असला तर श्रीमुखात! आणखी एक गंमत पाहा. "एक थोबाडीत दिली," असे आपण म्हणतो. पण काय दिली, ते नामच वाक्यात नसते. जागा सांगितली, देणारा सांगितला, दिलेली वस्तू मात्र गुलदस्तात. इतकी वर्षे मराठी बोलून ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती.

मग मी आजच्या बोलभाषेतले स्पॅनिश शब्द गोळा करू लागलो, आणि स्वयंपाकघरातच जाऊन पोहोचलो. स्पेनमध्ये 'तोर्ता' नावाची एक चपटी, गोड पोळी मिळते. थोबाडीत बसलेल्या चपराकीलाही तोर्ताच म्हणतात. 'गायेता' म्हणजे बिस्किट, आणि तीही चपराकच. 'कास्तान्या' हे एक कवचाचे फळ, आणि ठोसासुद्धा. अर्जेंटिनात बुक्कीला 'पिन्या' म्हणतात, म्हणजे अननस! मी आनंदाने ओरडलो, "अगं, त्यांच्याकडेसुद्धा चापटपोळी आहे!"

"आणि धम्मकलाडू?" आतून आवाज आला.

धम्मकलाडूही होता, इतकेच काय, प्रसादसुद्धा होता. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी भाविकांना पवित्र भाकरीची जी चकती देतात, तिला 'ओस्तिया' म्हणतात. स्पेनमध्ये बोलताना हाच शब्द सणसणीत ठोशाला वापरतात. सभ्य माणसांत तो शिवराळ समजला जातो, हे खरे. पण "मास्तरांनी चांगलाच प्रसाद दिला," असे म्हणणाऱ्या आपल्याला तो समजावून सांगायला नको.

त्या दिवशी मी फार खुशीत होतो. रात्री मात्र मनात आले, माराला सगळीकडेच हे गोड पदार्थ का चिकटवले असावेत? मार 'खायचा', म्हणून? की देणाऱ्याला तो देताना गोड वाटावा, म्हणून? इंग्रजी 'स्मॅक' चाच शब्द घ्या. त्याचा अर्थ चापट, आणि आवाज करून घेतलेला मुकासुद्धा. स्कॉटलंडने २०२० साली आणि वेल्सने २०२२ साली आईबापांच्या मारण्याला मिळणारी कायद्याची सवलत काढून घेतली. त्या वेळी वर्तमानपत्रे 'स्मॅकिंग' असेच लिहीत होती. 'मुलांना मारणे' असे लिहिले असते, तर तो वाद निम्म्यावरच संपला असता! स्पेनमध्ये 'वेळेवर दिलेली एक चापट' किती गुणकारी असते, हे वडीलधारी मंडळी अजूनही सांगतात. मुलांना 'माफक' शिक्षा करण्याचा हक्क मात्र तिथल्या कायद्यातून २००७ सालीच गेला. आपल्याकडे शाळेतली छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद केली. कायदे बदलले; लाडू आणि पोळ्या जिथल्या तिथे आहेत.

या विचारात असतानाच मी त्या पुस्तकातल्या सगळ्यांत अवघड शब्दापाशी आलो. आंधळ्याच्या सुरईच्या बुडाला लाझारो बारीक भोक पाडतो, ते मेणाने बुजवतो, आणि शेकोटीपाशी धन्याच्या पायांत बसून, मेण वितळले की ठिबकणारी दारू तोंडात झेलतो. आंधळ्याला ते कळते. तो चकार शब्द काढत नाही. दुसऱ्या दिवशी पोर तसेच डोळे मिटून बसले असता तो सुरई दोन्ही हातांनी उचलतो आणि त्याच्या तोंडावर आदळतो. खापऱ्या गालात घुसतात, दात पडतात, ते जन्माचे जातात. आणि मोठेपणी ही हकीकत सांगताना लाझारो त्या माराला काय म्हणतो? 'गोल्पेसियो'. 'गोल्पे' म्हणजे तडाखा, आणि हे त्याचे लाडके, लहान रूप. इवलासा तडाखा!

मी 'तडाखा' लिहिले. दात पाडणाऱ्या माराला दुसरे काय म्हणणार?

दिवाळीला चिरंजीव बंगलोरहून सहकुटुंब आले. वसुबारसेच्या रात्री मंडळी झोपल्यावर त्यांनी माझी वही चाळायला घेतली. त्या पानावर थांबून म्हणाले, "बाबा, मूळ शब्द काय आहे?"

मी सांगितले.

"मग टपली लिहा."

"अरे, दात पडल्यावर टपली?"

"म्हणूनच. मार खाल्लेल्यानं तो होता तेवढाच सांगितला, तर ऐकणारे अवघडून उठून जातात. लहान करून सांगितला तर हसतात. बसतात तरी."

मी गप्प राहिलो. त्यांनी वही मिटली आणि हसत म्हणाले, "आमची करंज्यांची गोष्ट मीही हसूनच सांगतो ना?"

ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला निघते. चिरंजीव नऊ वर्षांचे असताना नैवेद्याआधीच त्यांनी रात्री डबा उघडून चार करंज्या फस्त केल्या होत्या, आणि मी एक थोबाडीत दिली होती. "त्या वर्षी याला लाडवाआधी धम्मकलाडू मिळाला," असे मी म्हणायचे आणि सगळ्यांनी हसायचे, असा रिवाजच पडून गेला आहे.

"दोन दिवस उजव्या कानात शिट्टी वाजत होती," ते म्हणाले. "भाऊबीजेला आत्या काय बोलत होती, ते मला धड ऐकू येत नव्हतं."

"कधी बोलला नाहीस."

"धम्मकलाडूबद्दल कुणी तक्रार करतं का, बाबा?"

बोलण्यात राग नव्हता. "झोपा आता," म्हणून ते दिवा मालवून गेले. मी मात्र बराच वेळ जागा होतो. दिलेल्या वस्तूचे नाव वाक्यातून गाळण्याची सोय आपल्या भाषेने कुणासाठी ठेवली आहे, ते मला त्या रात्री समजले.

सकाळी उठून 'तडाखा' खोडला आणि 'टपली' लिहिली. तो शब्द लाझारोने आपल्या मारासाठी स्वतः निवडला आहे. तो मोठा करण्याचा मला अधिकार नाही. पुढच्या ओळीत दात आहेतच.

नरकचतुर्दशीला फराळाच्या वेळी नात माझ्या मांडीवर येऊन बसली. "आजोबा, बाबांच्या धम्मकलाडूची गोष्ट सांगा ना!"

सगळे हसण्याच्या तयारीत होते. मी म्हटले, "त्यात लाडूबिडू काही नव्हता गं. तुझ्या बाबानं चार करंज्या खाल्ल्या, आणि मी त्याला मारलं. फार जोरात मारलं."

क्षणभर कुणी बोलेना. नातीने बापाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग?"

"मग काही नाही. माझं चुकलं."

चिरंजीव खाली मान घालून चकलीचा तुकडा मोडत बसले. सौ. उठली, आत गेली, आणि करंज्यांचा अख्खा डबा आणून तिने त्यांच्यापुढे ठेवला.