छेदात कोण आहे?

"माझ्याकडची जवळजवळ सगळी मुलं लस घेतलेली आहेत," आमच्या वस्तीतले फॅमिली डॉक्टर मला म्हणाले. माणूस भला, फीसाठी कुणाला अडवत नाही. मी विचारलं, "डॉक्टर, सगळी म्हणजे कोणती?" त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यात लस घ्यायला आलेल्यांचीच नावं होती.

मित्रांनो, टक्केवारी म्हणजे भागाकार. अंशात लस मिळालेली मुलं, छेदात लस मिळायला हवी होती ती सगळी मुलं. छेदात फक्त येणारेच धरले तर उत्तर शंभराजवळ जाणारच. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेल्या लोकांची यादी असते. म्हणून १९९० पासून तिथे ७० आणि ९० टक्क्यांची उद्दिष्टं ठरवून डॉक्टरांना मोबदला देता आला. आपल्याकडे अशी यादीच नाही.

मग आम्ही छेद बदलला. वर्षभरात ताप, जुलाब, जखम, कशासाठीही आलेली १२ ते २३ महिन्यांची मुलं केसपेपरमधून काढली. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या यादीशी ताडली. काही मुलं दवाखान्यात सापडली, पण अंगणवाडीच्या यादीत नव्हती. घरोघरी कार्ड पाहिलं. "दिली असेल" हे उत्तर वेगळ्या रकान्यात लिहिलं. बीसीजी, पोलिओचे तीन, पेंटाव्हॅलंटचे तीन आणि गोवर-रुबेलाचा पहिला, यातला एक डोस राहिला तरी मूल 'पूर्ण' धरलं नाही.

आकडा घसरला. राहिलेली मुलं कुणाची? वीटभट्टीवर जाणाऱ्यांची, ऊसतोडीहून परतलेल्यांची, खोल्या बदलत राहणाऱ्यांची. बहुतेक आपलीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण सुमारे ७४ टक्के. म्हणजे चारातलं एक मूल बाहेर. ही मुलं राज्यभर सारखी विखुरलेली नसतात, ठरावीक वस्त्यांत साचतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवर पसरला, तेव्हा गोवंडीने त्याची किंमत मोजली.

१९३२ च्या लोथियन समितीसमोर काही प्रांतांनी अस्पृश्यांची संख्याच कमी दाखवली, तेव्हा समितीचे सदस्य असलेले बाबासाहेब त्या आकड्यांवर लढले. मोजणीतून वगळलेल्यांना हक्काचा वाटा मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमच्या डॉक्टरांनी आता राहिलेल्यांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. त्यातलं मूल खोकल्यासाठी आलं, तरी आधी कार्ड मागतात. तुमच्या वस्तीतल्या दवाखान्यात जा. टक्का ऐकून टाळ्या वाजवण्याआधी विचारा: छेदात कोण आहे?

जय भीम!