शीन-काफ आणि गाडीचे दार

उर्दू शिकवणाऱ्याची पारख त्याच्या शीन-काफवरून होते. उच्चार नेमका नसेल तर बी.एड.चे प्रमाणपत्र भिंतीवर कितीही मोठ्या चौकटीत लावा, पालक मान डोलावत नाहीत. या पेशामुळे आमच्या कानांना एक खोड लागली आहे. गाणे ऐकताना सुरांआधी आम्ही शब्द तपासतो.

जुनी गाडी घेतली आणि तिच्यात बेगम अख्तर यांची गझल लावली, तेव्हा सीन कोणता नि शीन कोणता हेच उमगेना. अब्बा शेजारी बसले होते. त्यांची उमर यंत्रमागावर गेली. ते म्हणाले, "बेटा, आवाज वाढव." वाढवला. दाराचे पत्रे थरथरले, शब्द मात्र होते तिथेच राहिले.

कारण साधे आहे. खर्च आणि वजन वाचवण्यासाठी स्वस्त गाड्यांच्या दारात बहुधा पातळ कागदी कोनाचा, लहान मॅग्नेटचा एकच स्पीकर बसवतात. तबल्याचा ठेका आणि गळ्यातली बारीक हरकत, दोन्हींचे ओझे त्या एकट्यावर! स, श, फ यांसारख्या व्यंजनांची धार काही हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असते. हे बारीक आवाज सरळ रेषेत जातात आणि स्पीकर असतो गुडघ्यापाशी, म्हणजे धार पायातच अडकते. त्यात गोंगाटाने अधू होणारा कान साधारणपणे 4000 हर्ट्झच्या आसपास आधी अधू होतो. गाडीची उणीव आणि अब्बांची उणीव एकाच जागी भेटली होती.

दुकानात खोक्यांवर 300 वॅट असे ठळक छापलेले असते. तो क्षणभराचा कमाल आकडा. पाहायचा तो आरएमएस. गाडीचा साधा स्टिरिओ एका स्पीकरला खरे तर 15 ते 20 वॅटच देतो. म्हणून संवेदनशीलतेचा आकडा महत्त्वाचा. तिथे 3 डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट दिल्यासारखे. आम्ही साडेसहा इंची कॉम्पोनंट जोडी घेतली, तीही फक्त पुढच्या दारांसाठी. तिच्यात ट्विटर वेगळा असतो. तो आरशाजवळ, कानाच्या उंचीच्या जवळ बसवता येतो. अम्मीला ही उधळपट्टी वाटली. तिने तसे स्पष्ट सांगितलेही.

खरे काम दाराच्या आत असते. कारागिराने पॅड उतरवले, मूळ वायर न कापता कपलर जोडला आणि स्पीकरखाली रिंग घातली. पत्र्यातली भोके डॅम्पिंग शीटने बुजवली. स्पीकरच्या पाठीमागचा आवाज त्या भोकांतून पुढे आला, तर पुढच्या आवाजातला खर्ज खाऊन टाकतो. आतला प्लास्टिकचा पडदा पुन्हा चिकटवला, कारण पावसाचे पाणी दाराच्या पोटातूनच वाहते. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहिला. अधिकला अधिक जुळले असेल तर कोन बाहेर येतो. एका दाराची वायर उलटी झाली तरी खर्ज हरवतो.

आता कमी आवाजातही शब्द उमटू लागले. अब्बांनी एक मिसरा ऐकताच पुढचा स्वतः म्हटला. मग हळूच म्हणाले, "वर्गातल्या गोष्टी तू सांगतोस ना, त्या मी निम्म्या अंदाजानेच समजतो." इतकी वर्षे ते हसून मान हलवत होते!

ट्विटर कान बरा करत नाही. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. अब्बांची श्रवणचाचणी झाली, श्रवणयंत्र आले. घरात आम्ही समोर बसून, सावकाश बोलू लागलो.

मागावर आजही कितीतरी तरुण उघड्या कानांनी उभे असतात. कानात घालायचे प्लग स्पीकरच्या किमतीपुढे काहीच नाहीत. आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील, भाऊ त्याच खडखडाटात काम करतात. शीन-काफ शिकवताना आम्ही मुलांना आता हेही सांगतो. उच्चार जपायचा तर आधी कान जपले पाहिजेत.