आवाजाला गाव असतं

फोन लागला की माणूस आधी गाव सांगतो, मग नाव, आणि तक्रार सगळ्यात शेवटी. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर एखाद्या नागरी प्रश्नाची चर्चा चालू असते, श्रोत्यांचे फोन घेतले जातात, तेव्हा हा क्रम सहसा मोडत नाही. खरं म्हणजे गाव सांगायची गरजही नसते. पेडणे तालुक्यातल्या माणसाच्या कोंकणीत तेरेखोल नदीपलीकडची मालवणी मिसळलेली असते. डिचोलीचा माणूस मराठीत सुरू करतो आणि राग आला की कोंकणीत उतरतो. निवेदक मधेच अदबीनं म्हणतो, "भाई, थोडक्यात सांगा." पण भाईंना थोडक्यात सांगता येत नाही. मला वाटतं, येऊही नये.

कारण नळाला पाणी नाही एवढंच सांगायचं तर एक वाक्य पुरतं. पेडण्याचा माणूस मात्र आधी आजोळच्या विहिरीवर जातो, मग तिळारीच्या कालव्यावर येतो. धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात. चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प गोव्यात. आणि कालवा कुठे फुटला की रिकामी घागर इकडच्या स्वयंपाकघरात. दोन राज्यांच्या करारांत आणि फायलींत पसरलेली ही गोष्ट तो आपल्या वाड्याच्या भाषेत पाच मिनिटांत उलगडतो. पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचंही तसंच. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याची बातमी सगळीकडे झाली. पण त्या सड्यावर पूर्वी गुरं चरायला नेणारा माणूस आपल्या टॅक्सी चालवणाऱ्या मुलाच्या भाड्याबद्दल बोलतो, तेव्हा एका घरातले दोन काळ एकाच आवाजात ऐकू येतात.

डिचोलीचे फोन अवघड. शिरगावात खाणींचे खड्डे खोल गेले, त्यातलं पाणी उपसलं गेलं आणि गावच्या विहिरी आटल्या. हे सांगणारी बाई फोन ठेवते न ठेवते तोच पुढचा फोन ट्रकवाल्याचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर परत बंद पडल्या. मधल्या काळात ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. सभेत ही दोघं समोरासमोर आली असती तर आवाज चढले असते, खुर्च्या सरकल्या असत्या. रेडिओवर एकाला दुसऱ्याचं बोलणं तोडता येत नाही. आपली पाळी येईपर्यंत कानाला फोन लावून ऐकावंच लागतं. धूळ खाणारा शेतकरी आणि हप्ता भरणारा ट्रकमालक पुष्कळदा एकाच वाड्यातले, कधी तर सख्खे भाऊ असतात. घरी जे एकमेकांना सांगायचं राहून जातं, ते ही माणसं पणजीमार्फत सांगतात.

गोव्यात असं मोकळं बोलणं फुकट मिळालेलं नाही. पोर्तुगीज अमलात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांना अटक झाली ती जाहीर सभेत बोलू पाहिल्याबद्दल. १५ ऑगस्ट १९५५ ला पेडण्यातल्याच पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरपासून एक आवाज सुरू झाला. पेडण्याहून सावंतवाडी ओलांडून घाट चढला की आंबोली लागते. तिथल्या जंगलात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त केंद्र चालवलं, पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून. पुढे ते कॅसलरॉकला हललं. सहा वर्षं हे चाललं. गोवा मुक्त झाल्यावर या दोघांनी विमानातून लोकांना ती बातमी दिली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती.

तो आवाज एका दिशेनं जायचा. ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. आज फोन लावून कोणीही खात्याच्या इंजिनियरला थेट विचारू शकतो. म्हणून प्रश्न सुटतात का? कधी सुटतात, बहुतेक वेळा नाही. 'पाहणी करून घेतो' हे उत्तर रेडिओवरही तेच असतं. फरक एवढाच की ते बारा तालुक्यांनी ऐकलेलं असतं. मोरजीच्या किनाऱ्यावर हॉटेल चालवणाऱ्याला त्या दिवशी कळतं की पिळगावच्या शेतकऱ्याचं भांडण कशाशी आहे. मयेच्या माणसाला कळतं की विमानतळाशेजारी राहूनही पेडण्यात टँकरची वाट बघावी लागते. हक्क मागणं आपण लवकर शिकलो. दुसऱ्या तालुक्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेणं, हा नागरिकपणाचा अर्धा भाग मात्र अजून शिकतो आहोत.

आणि गोवा आहे केवढा! 'पाहणी करतो' म्हणणारे साहेब शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मासळी घ्यायला येणारच. तिथे कोणीतरी त्यांचा आवाज ओळखतं आणि बांगड्याचा वाटा हातात ठेवता ठेवता विचारतं, "साहेब, पाहणी जाली?"