झाडलोट

मी निवृत्त झालो, त्याच २०१५ साली आमचा संगणक घरात आला. अलीकडे तो जागा व्हायला ७ मिनिटे घेई. "बाबा, भंगारात द्या तो!" दिवाळीला आलेल्या चिरंजीवांनी फर्मावले. का कोण जाणे, तो निकाल मला स्वतःलाच लागू झाल्यासारखा वाटला!

धनत्रयोदशीला वीज बंद करून मी त्याची पेटी उघडली. पंख्यावर धुळीचा हा थर! प्रोसेसर तापला, की आपण होऊन चाल मंदावतो. थर ब्रशाने झाडला. मग 'टास्क मॅनेजर'मध्ये पाहावे, तर संगणक उठताच १४ प्रोग्रॅम अनाहूत पाहुण्यांसारखे पाटावर येऊन बसत! त्यांतल्या ११ जणांना निरोप दिला. डिस्कही गच्च भरलेली. तात्पुरत्या फायली पुसल्या, एकाच मुंजीच्या फोटोंच्या ३ प्रतींतल्या २ काढल्या, कचरापेटी रिकामी केली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो २ मिनिटांत उठला.

"कमाल आहे! काय झालं होतं त्याला?" चिरंजीवांनी विचारले.

"काही नाही रे. फार दिवसांत कुणी पुसलं नव्हतं, इतकंच."

मुलगा क्षणभर गप्प राहिला. पाडव्याला तो निघणार होता. "आणखी चार दिवस राहतो," म्हणाला आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसला.