पत्ता : शिवाजी पेठ

शिवाजी पेठेत घर शोधायला निघालेल्या माणसाने घराचा नंबर कधी विचारू नये. नंबर विचारला की समोरचा गृहस्थ आपल्याकडे वसुलीला आलेल्या कारकुनाकडे पाहावे तसे पाहतो. त्याऐवजी तालमीचे नाव सांगावे, नाही तर चौकाचे. उभा मारुती चौक, साकोली कॉर्नर, निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, एवढे म्हटले की पेठ आपली होते. मग 'बसा मागं, सोडतो की' म्हणून एखादा आपल्या गाडीवरून थेट दारात नेऊन सोडतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना एवढे सांगायला हवे की, कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. गणपती तालमीचा, फुटबॉलचा संघ तालमीचा आणि भांडणेही तालमीचीच! खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ ही या पेठेची नावे शाहू स्टेडियमवर हजारो लोक कंठशोष करून घेतात. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक २०१७ साली भारतात झाला, तेव्हा भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तालमीचे नाव हे इथे माणसाच्या आडनावाइतकेच घट्ट असते. ते विकत मिळत नाही आणि विकताही येत नाही.

आणि गेल्या श्रावणात, भर पावसात, मी सांगलीहून एस. टी.ने या पेठेत आलो तो नावे विकणाऱ्या एका माणसाला भेटायला! हा माणूस माझाच जुना विद्यार्थी. तृतीय वर्षाला मराठी घेतलेला. हा मुलगा पुढे काय करणार, अशी त्याच्या घरच्यांप्रमाणे मलाही काळजी होती. आता काळजी त्याने माझी करायची, अशी वेळ आली होती.

झाले होते असे. आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाचे एक भित्तिपत्रक आहे. बारा वर्षांपूर्वी मुलांनी हट्ट धरला की हे भिंतीवरून इंटरनेटवर न्यायचे. नेले. त्यासाठी एक छानसे नाव नोंदवले. अकरा वर्षे मुलामुलींच्या कविता, कथा, कुणी आजीकडून उतरवून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या नावाखाली साठत गेल्या. नावाची वर्षाची फी हजार रुपयांच्या आत-बाहेर. ती भरायची जबाबदारी माझी. स्मरणपत्रे जात होती एका जुन्या ई-मेलच्या पेटीत. ती पेटी मी कित्येक महिन्यांत उघडली नव्हती.

वैशाखात एका माजी विद्यार्थिनीचा नाशिकहून फोन आला. आपली पहिली कविता लेकीला दाखवावी म्हणून तिने ते संकेतस्थळ उघडले होते. ती म्हणाली, "सर, तिथे पत्त्यांचा जुगार निघतोय हो!" मी उघडून पाहिले. खरेच. आमचा पत्ता गेला होता आणि त्या जागी पत्ते आले होते. वर नाव आमच्याच विभागाचे, खाली चौकट-बदामचा झगझगाट. मुलांच्या पालकांना काय तोंड दाखवावे, हे मला कळेना.

विद्यार्थ्याचे घर निवृत्ती चौकातून आत, एका बोळात. खाली आई-वडील, वर पत्र्याच्या खोलीत याचा धंदा. एक टेबल, दोन पडदे असलेला संगणक आणि कोपऱ्यात गळणाऱ्या पावसासाठी ठेवलेली बादली. मी टेकतो न टेकतो तोच त्याची आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"सर, तुम्हीच आता सांगा, ह्यो नक्की करतोय तरी काय? सोयरीक बघायला लोक येतात. पोरगा काय करतो म्हणून विचारतात. मी काय सांगू?"

त्याने तिला हसून खाली पाठवले आणि तोच प्रश्न मी विचारला.

त्याचा धंदा तीनपदरी आहे. पहिला पदर लेखनाचा. विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती, शेळ्यांचे आजार, घरातले विजेचे फिटिंग अशा विषयांवर तो माहिती लिहितो, बहुतेक इंग्रजीतून. कारण मराठी मजकुराशेजारच्या जाहिरातीला दर कमी मिळतो. गूगलने २००३ साली अशी सोय काढली की, कोणाच्याही पानावर जाहिराती लावायच्या आणि येणाऱ्या पैशांतला वाटा लिहिणाऱ्याला द्यायचा. आग्र्याच्या अमित अग्रवाल यांनी २००४ साली नोकरी सोडून घरी बसून याच वाटेने संसार उभा केला. त्यांचे उदाहरण वाचून आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी लेखणी, म्हणजे कळफलक, हाती धरला. आमचे चिरंजीव त्यांतलेच.

दुसरा पदर चालती संकेतस्थळे विकण्याचा. चांगली चाललेली खानावळ भांड्याकुंड्यांसह आणि गिऱ्हाइकांसह विकावी, तसाच हा व्यवहार. दोन-तीन वर्षांचा नफा ही साधारण किंमत. यासाठी बाजारही भरतात. मेलबर्नचा फ्लिपा नावाचा बाजार २००९ पासून आहे. तिसरा पदर नुसत्या नावांचा. रस्ता होणार असे कळले की काही लोक मोक्याचा गाळा आधीच घेऊन ठेवतात, तशी चांगली नावे आधी नोंदवून ठेवायची आणि गरजवंत आला की विकायची. 'व्हॉइस डॉट कॉम' हे एक नाव २०१९ साली ३ कोटी डॉलरना गेले. "पण सर, ते लॉटरीसारखं," तो म्हणाला. "माझ्याजवळ एकशेचाळीस नावं आहेत. वर्षाला चार-पाच खपतात. बाकीच्यांचं नुसतं भाडं भरतोय."

भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, चौकटीत बसवलेले एक साधे टपाल होते. हळदीकुंकवाचे बोटही लागलेले. ते गूगलचे पहिले पत्र. जाहिरातींची कमाई १० डॉलर झाली की ती कंपनी घरच्या पत्त्यावर साध्या टपालाने एक सांकेतिक आकडा पाठवते. तो भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आकाशातून चालणाऱ्या या धंद्याला अखेर पोस्टमनचेच पाय लागतात! याने पत्ता लिहिताना इंग्रजी वळणाने नुसता घरनंबर आणि पिनकोड घातला. पहिले पत्र आले नाही, दुसरेही आले नाही. तिसऱ्यांदा शहाणपण सुचून त्याने वर तालमीचे नाव घातले, आणि पोस्टमनने बोळाच्या तोंडापासूनच हाक मारली.

मग मी माझे गाऱ्हाणे मांडले. त्याने दोन मिनिटे काहीतरी तपासले आणि वर न पाहता म्हणाला, "सर, तुम्हांला पंचाहत्तर दिवस मिळाले होते."

डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की ते लगेच जात नाही, हे मला तेव्हा कळले. नोंदणी करणारी कंपनी ते साधारण ४५ दिवसांपर्यंत धरून ठेवते. त्यानंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येते. शेवटचे ५ दिवस मात्र कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते नाव बाजारात मोकळे सुटते. त्या क्षणाची वाट पाहत जगभर यंत्रे टपून बसलेली असतात. जुन्या नावाला भाव असतो; कारण वर्षानुवर्षे कुणीतरी तिथे प्रामाणिकपणे लिहिलेले असते, इतरांनी त्याच्याकडे बोट दाखवलेले असते आणि शोधयंत्राचा त्याच्यावर विश्वास बसलेला असतो. जुगारवाल्यांना हवा असतो तो हा विश्वास. आमच्या मुलांच्या ओव्या-कवितांनी जमवलेली पत त्यांना एका रात्रीत मिळाली होती.

"कोर्टात जाता येईल?" मी विचारले.

कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली 'रेडिफ'शी एका अक्षराने फरक असलेले 'रॅडिफ' हे नाव वापरायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात इंटरनेटवरच्या नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे ठरवले. परंतु आमच्या भित्तिपत्रकाचे व्यापारचिन्ह कुठले? जिनीव्याच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार नोंदवायची तर एका पंचाची फीच १५०० डॉलर. हजार रुपयांचा आळस आणि लाख रुपयांचे प्रायश्चित्त!

मग जो प्रश्न ओठांवर होता तो मी विचारलाच. "तूही अशी बुडालेली नावं उचलतोस?"

"उचलतो, सर," तो म्हणाला. त्याने खोटे सांगितले नाही, एवढे मला बरे वाटले.

पाऊस थोडा उघडला तसे आम्ही बाहेर पडलो. चालत गांधी मैदानापाशी आलो. मैदानात घोट्याच्या वर पाणी साचले होते आणि चार-पाच पोरे त्यात फुटबॉल तुडवीत होती. ही जागा म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. तळे बुजवून मैदान झाले, त्याला कितीतरी वर्षे लोटली. पण पेठेतले लोक अजून 'वरुणतीर्थ वेस' म्हणतात, आणि प्रत्येक पावसाळ्यात पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर परत येते. मला आठवण झाली ती कोल्हापुरी चपलेची. त्या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचे ते नाव. ते कोणा एकाला विकता येत नाही. आणि इंटरनेटवरचे नाव? ते आपण विकत घेतले असे म्हणतो. पण खरे तर ते भाड्यानेच असते. दहा वर्षांहून अधिक काळ आगाऊ नोंदवताही येत नाही.

पाण्यात खेळणाऱ्या पोरांकडे पाहत तो म्हणाला, "सर, माझ्या फुटबॉलच्या संकेतस्थळाला मागणी आलीय."

त्याच्या सगळ्या कामांत हे एकच मराठी. नऊ वर्षे तो कोल्हापूरच्या सामन्यांची वर्णने, जुन्या खेळाडूंच्या मुलाखती, पेठापेठांतल्या ईर्षेच्या हकीगती तिथे लिहितो आहे. त्यातून मिळकत थोडी; पण पेठेतला प्रत्येक पोरगा ते वाचतो. मागणी मध्यस्थामार्फत होती, खरा गिऱ्हाईक पडद्याआड. त्याला मजकूर नको होता, फक्त नाव हवे होते. आपल्याकडे २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, पण बाहेरदेशी बसलेला माणूस नाव कशाला मागतो, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आकडा चांगला आहे, सर. पत्रा काढून वर स्लॅब होईल. आणि इंग्रजी कामाची मिळकत निम्म्यावर आलीय. आता लोक शोधयंत्राला विचारतात, तेच वरच्या वर उत्तर सांगून मोकळं होतं. माझ्या पानापर्यंत येतंय कोण?"

"मग?"

"तीन आठवडे झाले. हो पण म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही."

मला उपदेश करता आला असता. वर्गात तो मी पंचवीस वर्षे करीत आलो आहे. पण जो माणूस हजार रुपये भरायला विसरला, त्याने पत्र्याखाली राहणाऱ्याला निर्लोभतेचा पाठ द्यावा, हे माझ्या जिभेवर येईना. मी गप्प राहिलो. पाण्यातल्या पोरांनी गोल केला आणि आरडाओरडा केला.

घरी परतल्यावर त्याच्या आईने तांबडा-पांढरा रस्सा करायचा आग्रह धरला. श्रावण म्हणून मी तिला झुणक्यावर थांबवले. जेवण होईपर्यंत तो वर काहीतरी खटपट करीत होता. मग मला बोलावले. सॅन फ्रान्सिस्कोला इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक संस्था आहे. ती १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांची चित्रे आपल्या दप्तरात जपून ठेवते. त्या दप्तरातून त्याने आमचे भित्तिपत्रक बाहेर काढले होते. सगळे नाही, काही पाने गळाली होती. पण ओव्या होत्या, आणि नाशिकच्या त्या मुलीची कविताही होती, खाली तिचे माहेरचे नाव आणि 'प्रथम वर्ष, कला' ही अक्षरे. मी ती तिथूनच तिला पाठवली.

जुने नाव मिळणार नव्हतेच. त्याने नवे 'डॉट इन' नाव नोंदवून दिले. माझ्या हट्टासाठी देवनागरीतले 'डॉट भारत'ही घेतले; २०१४ पासून ते मराठीत मिळते. दोन्ही दहा-दहा वर्षांसाठी. आणि बजावले, "सर, संपर्काला एकट्याचं नाव देऊ नका. दोघांचं द्या." मी दुसरे नाव त्याचे दिले.

नवरात्रात त्याचा फोन आला. फुटबॉलचे नाव त्याने दिले नाही. इंग्रजीतली तीन संकेतस्थळे मात्र मिळेल त्या भावाने काढून टाकली. स्लॅब पुढच्या वर्षावर गेला. मी काही म्हणायच्या आत त्याच्या आईने फोन घेतला. "सर, आता पाव्हण्यांना सांगते, पोरगा फुटबॉलचं वर्तमानपत्र काढतो!"

आमच्या घरी देवघरात ज्ञानेश्वरीची जुनी प्रत आहे. तिच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आजोबांपासून सगळ्यांच्या जन्मतारखा लिहिलेल्या आहेत. त्यांखाली मी दोन्ही नावांच्या मुदतीची तारीख लिहून ठेवली आहे. तोवर मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेन. ती मला आठवली नाही, तर ग्रंथ उघडणाऱ्या कुणाला तरी दिसेल. शेजारी निरोप कुठे द्यायचा तेही लिहिले आहे, घरनंबर न घालता, आधी तालमीचे नाव आणि मग शिवाजी पेठ, कोल्हापूर.