मोठी रजा पुण्याची, वीकेण्ड आमचा

म्युनिकला आल्यावर आमच्यात एक अलिखित करार झाला. मोठी रजा पुण्याची, शनिवार-रविवार आमचा. वर्षाच्या ३० सुट्ट्यांपैकी २० तरी सासर, माहेर आणि लग्नकार्यांत जातात. मग युरोप बघायचा कधी? वीकेण्डलाच!

तसंही जर्मनीत रविवारी दुकानं बंद. घरी बसून करणार काय? मे २०२३मध्ये ४९ युरोंचा 'डॉइचलांड टिकेट' हा मासिक पास आला आणि आमची चंगळच झाली. जानेवारी २०२६पासून तो ६३ युरोंना मिळतो, तरी परवडतो. त्यावर झकास आयसीई मिळत नाही, पण साध्या रिजनल गाडीनं दोन तासांत फ्युसेन गाठता येतं. तिथून जवळच २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला नॉयश्वानश्टाइनचा किल्ला. पलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही हाच पास चालतो. सोबत पोळी-भाजीचे रोल आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा!

खरं सांगू? आठवडाभर आमचं बोलणं 'दूध संपलंय'च्या पुढे जात नाही. गाडीत मात्र दोन तास लॅपटॉप बंद. परत जायचं की इथेच राहायचं, हा घरी टाळलेला विषय फ्युसेनच्या गाडीतच निघाला. त्याला परतायचंय, माझं ठरत नाहीये. भांडण नाही झालं, उत्तरही नाही मिळालं. पुढच्या शनिवारी बेर्खटेसगाडेन. तोच विषय, पुढचा भाग!